ग्रेड ९१ पोलाद: ब्याऐंशी हजार तासांच्या वापरानंतरचे परीक्षण

तळोजा औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्याच्या बॉयलरचा सुपरहीटर हेडर (अनेक नळ्यांतली तापलेली वाफ एकत्र करणारा जाड पाइप) आणि तेथून टर्बाइनपर्यंत जाणारी मुख्य वाफेची लाइन आम्ही २०१४ सालच्या मे महिन्यात बदलली आणि जुन्या ग्रेड २२ या कमी क्रोमियमच्या पोलादाच्या जागी ग्रेड ९१ हे उष्णतारोधक पोलाद बसवले. वाफेचे तापमान ५४० अंश सेल्सिअस आणि दाब ११० बार आहे. गेल्या शटडाऊनपर्यंत या लाइनचे ब्याऐंशी हजार तास पूर्ण झाले. देखभाल विभागात राहून तिच्या खरेदीपासून आजपर्यंतचा प्रत्येक कागद मी पाहिला आहे, आणि म्हणूनच हे परीक्षण लिहीत आहे. ते या पोलादाचे तर आहेच, पण वेल्डिंगनंतरची हीट ट्रीटमेंट आणि प्रयोगशाळेची तपासणी या दोन सेवांचेही आहे, कारण त्यांच्यावाचून या पोलादाची किंमत मोजण्यात काहीच अर्थ उरत नाही.

माझे मत आधीच नोंदवतो. पोलाद उत्तम आहे. बाजारात त्याची विक्री मात्र रासायनिक घटकांच्या तक्त्यावर होते आणि त्याची ताकद त्या तक्त्यात नसते. ती असते हीट ट्रीटमेंटने घडवलेल्या आतल्या रचनेत. ही रचना पोलादाच्या चांगल्या गिरणीतून चांगली येते आणि आपल्या कारखान्यात एका दुपारी बिघडूही शकते.

जुना हेडर का बदलावा लागला, ते थोडक्यात सांगतो. भारतीय बॉयलर नियमावली, १९५० नुसार क्रीपच्या तापमानात काम करणाऱ्या भागांचे एक लाख तास पूर्ण झाले की त्यांच्या उरलेल्या आयुष्याची तपासणी करावी लागते. त्या तपासणीत ग्रेड २२ च्या हेडरवर नळ्यांच्या भोकांमधल्या पट्टीत बारीक तडे दिसले. तसाच हेडर पुन्हा घ्यावा की ग्रेड ९१ कडे जावे, यावर आमच्याकडे दोन महिने चर्चा झाली.

क्रीप हा शब्द रोज कानावर पडणाऱ्यांनाही त्याचा अर्थ पुष्कळदा अर्धाच ठाऊक असतो, म्हणून येथे थोडे थांबतो. खोलीच्या तापमानाला पोलादाच्या सळीला वजन टांगले तर ती ताणायची तेवढी एकदाच ताणते. ते वजन दहा वर्षे तसेच राहिले तरी सळी तेथेच असते. पाचशे अंशांच्या वर हा नियम मोडतो. भार तोच, तापमान तेच, आणि तरीही पोलाद रोज थोडेथोडे लांबत राहते. गॅलरीत कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी दर वर्षी थोडी आणखी खाली येते आणि आपल्याला ते एखाद्या दिवशी अचानक जाणवते, तसेच हे आहे. फरक इतकाच की वाफेच्या पाइपच्या बाबतीत जाणवण्याचा तो दिवस पाइप फुटण्याचाही असू शकतो.

त्यामुळे उष्णतारोधक पोलादाची ताकद सांगताना वेळ सांगावीच लागते. ग्रेड ९१ ची खोलीच्या तापमानातील ताणशक्ती किमान ५८५ मेगापास्कल असावी लागते. त्याच पोलादाने ६०० अंशांवर एक लाख तास, म्हणजे साडेअकरा वर्षांच्या आसपास, न तुटता टिकावे अशी अपेक्षा असेल तर त्याच्यावर सुमारे ९० मेगापास्कलपेक्षा जास्त ताण येऊन चालत नाही. हा आकडाही सुरुवातीच्या अंदाजांपेक्षा खाली आलेला आहे. हे पोलाद बाजारात आले तेव्हा हाती तुलनेने कमी मुदतीच्याच चाचण्या होत्या आणि त्यांवरून पुढचा अंदाज बांधला गेला होता. लांब मुदतीच्या चाचण्यांचे निकाल आले तसे आकडे उतरवावे लागले. अशा चाचण्यांना घाई करता येत नाही. जपानच्या राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेत कार्बन पोलादाच्या एका नमुन्यावर १९६९ मध्ये सुरू झालेली क्रीप चाचणी २०११ पर्यंत चालली. ज्यांनी तो नमुना यंत्रात लावला ते निवृत्त झाले असतील, पण नमुना त्याच भाराखाली होता. आम्ही डिझाइनच्या पुस्तकात एक आकडा पाहून पाइपची जाडी ठरवतो, तो आकडा अशा कामातून आलेला असतो, आणि मला त्या लोकांबद्दल मनापासून आदर वाटतो.

आता प्रत्यक्ष पोलादाकडे वळतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात वेगवान अणुभट्ट्यांसाठी ते विकसित केले आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याला अमेरिकी बॉयलर संहितेत जागा मिळाली. आपल्याकडे कल्पाक्कमच्या प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर रिॲक्टरची वाफ तयार करणारी यंत्रेही याच जातीच्या पोलादाची आहेत. यात ८ ते ९.५ टक्के क्रोमियम, सुमारे १ टक्का मॉलिब्डेनम, ०.१८ ते ०.२५ टक्के व्हॅनेडियम, ०.०६ ते ०.१० टक्के नायोबियम आणि ०.०३ ते ०.०७ टक्के नायट्रोजन असतो. व्हॅनेडियम आणि नायोबियम या दोन घटकांनी क्रोमियम आणि मॉलिब्डेनमच्या जुन्या नऊ-एक पोलादाचे सारे चरित्र बदलले, आणि शेवटच्या आकड्याकडे खरेदी करणारे बहुतेक लोक पाहतही नाहीत.

आतली रचना समजून घ्यायला मला कोकणातली भातखाचरे आठवतात. पोलाद १०४० ते १०८० अंशांपर्यंत तापवून हवेत थंड केले, म्हणजे नॉर्मलाइझ केले, की त्यात मार्टेन्साइट या कठीण रचनेच्या बारीक पट्ट्या तयार होतात. त्या पट्ट्या म्हणजे खाचरे आणि त्यांच्या सीमा म्हणजे बांध. नंतर ७३० ते ८०० अंशांवर टेम्परिंग केले की क्रोमियमचे कार्बाइड या बांधांवर दगडांसारखे बसतात आणि बांध जागचा हलू देत नाहीत. खाचरांच्या आत व्हॅनेडियम आणि नायोबियम हे नायट्रोजन आणि कार्बनशी मिळून अत्यंत बारीक कण तयार करतात. हे कण इतके लहान असतात की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतही नाहीत. उष्णतेमुळे स्फटिकांतले दोष सरकू पाहतात, आणि पोलाद लांबते ते या सरकण्यामुळेच. बांधांवरचे दगड आणि आतले कण त्यांना अडवतात. जोपर्यंत कण बारीक आणि दाट आहेत तोपर्यंत पोलाद टिकते. वर्षे जातात तसे लहान कण विरघळून मोठ्या कणांना मिळतात, त्यांच्यामधली अंतरे वाढतात, बांध सैल होतात. मॉलिब्डेनमही हळूहळू लोहाबरोबर वेगळ्या जाड कणांत जाऊन बसतो. ही झीज थांबवता येत नाही. पोलाद घडवणाऱ्याचे कौशल्य ती किती लांबवता येते यात आहे.

या घडवण्यात मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट क्रोमियमची आहे. क्रोमियम वाढवले की वाफेमुळे नळीच्या आत धरणारी पपडी कमी होते, म्हणून अकरा-बारा टक्क्यांची पोलादे बनवली गेली. थोड्या हजार तासांच्या चाचणीत ती मजबूत ठरली आणि लांब मुदतीत अपेक्षेपेक्षा बरीच खाली घसरली. जास्त क्रोमियममुळे झेड फेज नावाचे जाड कण लवकर वाढतात आणि वाढताना ते व्हॅनेडियम-नायोबियमचे उपयोगी बारीक कण खाऊन टाकतात. म्हणजे गंजापासून वाचवणारा घटकच वाजवीपेक्षा जास्त झाला तर ताकद काढून घेतो. ॲल्युमिनियमचे दुखणे याहून साधे आहे. गिरणीत पोलाद शुद्ध करताना ॲल्युमिनियम टाकतात. ते थोडे जरी जास्त उरले तरी नायट्रोजन पकडून ठेवते, मग व्हॅनेडियमच्या वाट्याला नायट्रोजन येत नाही आणि बारीक कण तयारच होत नाहीत. पुढे ग्रेड ९२ मध्ये मॉलिब्डेनमचा काही भाग काढून टंगस्टन आणि किंचित बोरॉन घातले गेले. बोरॉनमुळे बांधांवरचे दगड लवकर जाड होत नाहीत, पण तेही जास्त झाले तर नायट्रोजनशी जोडी करून वाया जाते. प्रत्येक घटकाला वरची मर्यादा का असते, ते अशा ठिकाणी उमगते.

स्टेनलेस पोलाद का घेतले नाही, असा प्रश्न आमच्या खरेदी विभागाने विचारला होता आणि तो रास्त होता. ऑस्टेनाइट जातीचे स्टेनलेस पोलाद अधिक तापमान सोसते, परंतु तापल्यावर ते ग्रेड ९१ च्या सुमारे दीडपट फुगते आणि उष्णता सावकाश वाहून नेते. जाड हेडरमध्ये त्यामुळे आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळ्या तापमानाला राहतात आणि प्रत्येक चालू-बंदमध्ये धातू पिळवटला जातो. बारीक नळ्यांसाठी ते उत्तम आहे, पण आमच्यासारख्या वारंवार थांबणाऱ्या बॉयलरच्या जाड भागांसाठी नाही.

ग्रेड ९१ चा आम्हाला झालेला उघड फायदा जाडीत आहे. दहा इंची लाइनची जाडी २८.५८ मिलिमीटर होती, ती १८.२६ वर आली. एका मीटरचे वजन १७२ किलोवरून ११५ किलोवर आले, म्हणजे एक तृतीयांश पोलाद कमी लागले. हँगर आणि आधारांवरचा भार त्याच प्रमाणात घटला. पातळ भिंत लवकर आणि सारखी तापते, त्यामुळे बॉयलर थंड अवस्थेतून चालू करताना पूर्वी तापमान ज्या सावकाश गतीने वाढवावे लागत असे, तेवढे आता थांबावे लागत नाही. हा फायदा आम्ही दर महिन्याला उपभोगतो आणि किलोमागे मोजलेला जादा दर त्यात भरून निघाला, असे मी निःशंकपणे सांगू शकतो.

खरेदी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून झाली. पाइप परदेशी गिरणीचे होते आणि मिल सर्टिफिकेट व्यवस्थित होते. व्यापाऱ्याने पाइपांच्या दोन्ही टोकांना टोप्या घालून ते लाकडी ओंडक्यांवर ठेवले होते, ही मला आवडलेली गोष्ट. पीएमआय गन, म्हणजे धातूतले घटक ओळखणारे हातातले यंत्र, लावली की पडद्यावर दोन सेकंदांत ‘९१’ उमटते आणि सगळ्यांचे समाधान होते. ती गन क्ष-किरणांवर चालते आणि कार्बन, नायट्रोजन यांसारखे हलके घटक तिला दिसत नाहीत. वर सांगितलेली सगळी ताकद ज्या नायट्रोजनवर उभी आहे तोच तिला दिसत नाही, आणि पाइपची हीट ट्रीटमेंट कशी झाली हे तर कोणत्याही रासायनिक तपासणीत कळत नाही. गनने इतके खात्रीने सांगता येते की चुकून ग्रेड २२ चा पाइप आलेला नाही. ही खात्री हवीच, पण तेवढ्यावर माल स्वीकारू नये.

आमची चूक मात्र खरेदीत झाली नाही. ती वेल्डिंगनंतर झाली. वेल्डिंग आणि हीट ट्रीटमेंटचे काम एका ठेकेदाराला दिले होते. त्याचे वेल्डर चांगले होते. मुळाचा थर टिग वेल्डिंगने आणि पाइपच्या आत आर्गॉन भरून घेतला गेला, जॉइंट दोनशे अंशांच्या वर तापवूनच काम सुरू झाले आणि रेडिओग्राफीत सर्व जॉइंट स्वच्छ निघाले. मेच्या शेवटच्या आठवड्यात अवकाळी सरी आल्या तेव्हा त्यांनी ताडपत्री बांधून जॉइंट कोरडे ठेवले, याचेही मला कौतुक वाटते, कारण वेल्ड केलेले पण हीट ट्रीटमेंट न झालेले ग्रेड ९१ ओलाव्याने तडकू शकते आणि आपल्याकडच्या हवेत हा धोका पुस्तकातला नाही.

हीट ट्रीटमेंटची अट साधी लिहिलेली होती. वेल्ड झाल्यावर जॉइंट शंभर अंशांच्या खाली येऊ द्यायचा, म्हणजे मार्टेन्साइट पुरता तयार होतो, आणि मग तो ७५० अंशांपर्यंत तापवून ठरलेला वेळ धरून ठेवायचा. तापमान ७३० च्या खाली राहिले तर जॉइंट ठिसूळ राहतो. आठशेच्या पुढे गेले तर आतली रचनाच बदलू लागते, कार्बाइड जाड होतात आणि पोलाद मऊ पडते. या अरुंद फटीत सगळे काम बसवायचे असते. प्रत्येक जॉइंटच्या तापमानाचा चार्ट आम्हाला मिळाला. सर्व चार्टवर सरळ, देखणी रेघ होती, आणि मी स्वतः त्यांवर सही केली.

चौदा महिन्यांनी पहिल्या शटडाऊनमध्ये आम्ही रबाळ्याच्या एका धातुशास्त्र प्रयोगशाळेला हार्डनेस, म्हणजे कठिणपणा, तपासायला बोलावले. तिची दोन माणसे आली. त्यांतला तरुण तंत्रज्ञ तिसऱ्या जॉइंटवर बराच वेळ रेंगाळला. त्याने पाइपचा पृष्ठभाग ग्राइंडरने घासून चकचकीत केला होता, त्यावर तो यंत्राचा दांडा पुन्हा पुन्हा टेकवत होता आणि आकडे खडूने पाइपवरच लिहीत होता. मी जवळ गेलो तेव्हा तो म्हणाला, “सर, इथे मऊ लागतंय. वरचा थर असेल म्हणून अजून अर्धा मिलिमीटर घासून बघतो, लगेच काही लिहीत नाही.” त्याने आणखी घासले. तापवलेल्या पोलादाच्या वरच्या पापुद्र्यातला कार्बन उडालेला असतो आणि तो नेहमीच मऊ लागतो, म्हणून ही काळजी आवश्यक होती. पुन्हा आकडे घेतले. १६७, १६५, १७१. या पोलादाचा हार्डनेस १९० ते २५० ब्रिनेलच्या दरम्यान असावा लागतो. वेल्डपासून दोन इंचांवर, पाइपच्या खालच्या बाजूला, वीतभर लांबीचा पट्टा मऊ होता. वरच्या बाजूला तोच पाइप २१० दाखवत होता.

कारण शोधायला दोन दिवस लागले. त्या जॉइंटवर चार थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, होते. त्यांपैकी खालचे पाइपला स्पॉट वेल्ड केलेले नसून तारेने बांधलेले होते, असे जुन्या फोटोंत आम्हाला आढळले. तापताना ते सैल होऊन पाइपपासून सुटले असावे. पाइपला न टेकलेले थर्मोकपल कमी तापमान दाखवते, कंट्रोलर त्यावर विसंबून आणखी वीज सोडतो, आणि तापवणाऱ्या ब्लँकेटखाली पाइप तापतच जातो. चार्टवरची रेघ ७५० वर सरळ राहिली कारण ती थर्मोकपलच्या टोकाचे तापमान सांगत होती. पाइपचे तापमान तिला माहीत नव्हते. या रेघेवर मी सही केली होती, आणि तेव्हापासून थर्मोकपल बसवल्यावर ब्लँकेट गुंडाळण्यापूर्वी प्रत्येक जॉइंटचा फोटो आणि माझी किंवा माझ्या सहकाऱ्याची सही, हा आमच्याकडे नियम आहे. ठेकेदाराशी झालेला वाद येथे लिहीत नाही. त्याने दुरुस्तीच्या खर्चाचा काही भाग उचलला.

असा भाग तेथल्या तेथे पुन्हा तापवून सुधारता येत नाही, हे खरेदीदारांनी ठळकपणे लक्षात ठेवावे. त्याला पुन्हा १०५० अंशांच्या आसपास नेऊन नॉर्मलाइझ करावे लागेल, आणि ते जागेवर केले तर त्या पट्ट्याच्या कडेला नवीन मऊ पट्टा तयार होईल. संपूर्ण सुटा भाग भट्टीत घालायचा किंवा कापून टाकायचा, हे दोनच मार्ग असतात. आम्ही एक मीटरचा तुकडा कापला, नवा बसवला आणि एका जॉइंटच्या जागी दोन जॉइंट झाले.

जॉइंट वाढणे हेही या पोलादात फुकट नसते. ग्रेड ९१ चा खरा कमकुवतपणा वेल्डच्या कडेला, उष्णता लागलेल्या पट्ट्याच्या बाहेरच्या काठावर असतो. तेथे वेल्डिंगच्या वेळी तापमान असे पोहोचते की पोलाद धड नॉर्मलाइझही होत नाही आणि पहिले राहतही नाही. कण जाड होतात, दाणे बारीक होतात आणि वर्षानुवर्षांच्या भाराखाली तेथे पोकळ्या धरून तडा जातो. याला टाइप ४ तडा म्हणतात. वेल्डिंग कितीही निर्दोष असले तरी हा पट्टा तयार होतोच, म्हणून डिझाइनमध्येच जॉइंट कमी ठेवणे आणि ते वाकणाऱ्या, ताण येणाऱ्या जागांपासून दूर ठेवणे हाच इलाज आहे.

प्रयोगशाळेच्या सेवेबद्दल आता सविस्तर लिहितो. हार्डनेसखेरीज त्यांनी रेप्लिका घेतल्या. पाइपवरची नखाएवढी जागा आरशासारखी घासायची, हिऱ्याच्या पेस्टने चकाकवायची, रसायनाने किंचित कोरायची आणि ॲसिटोनने मऊ केलेली पातळ फिल्म तिच्यावर दाबून ठसा उचलायचा. तो ठसा रबाळ्याला नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जुन्या ग्रेड २२ च्या पाइपवर ही पद्धत फार उपयोगी होती, कारण त्यात पोकळ्या आधीपासून आणि पृष्ठभागावरच दिसू लागतात. ग्रेड ९१ मध्ये पोकळ्या उशिरा दिसतात आणि टाइप ४ चे नुकसान बहुधा भिंतीच्या आत सुरू होते. प्रयोगशाळेच्या वरिष्ठ धातुशास्त्रज्ञ बाईंनी हे आम्हाला काम घेण्यापूर्वीच सांगितले. “रेप्लिका स्वच्छ आली म्हणून जॉइंट निर्धोक आहे असं मी लिहून देणार नाही, अल्ट्रासॉनिक करून घ्या,” असे त्या म्हणाल्या. स्वतःच्या सेवेची मर्यादा ग्राहकाला आधी सांगणारी संस्था मला क्वचितच भेटली आहे, आणि पुढच्या प्रत्येक शटडाऊनला आम्ही त्यांनाच बोलावले त्यामागे हे मुख्य कारण आहे.

उणिवाही आहेत. अहवाल ठरलेल्या तारखेपेक्षा चार-पाच दिवस उशिरा येतो आणि शटडाऊनमध्ये चार दिवसांची किंमत मोठी असते. अहवाल पूर्णपणे इंग्रजीत असतो, तेव्हा आमच्या फिटर आणि बॉयलर अटेंडंट मंडळींसाठी त्याचे सार मला मराठीत लिहून फलकावर लावावे लागते. पहिल्या दोन खेपांना त्यांनी नळ्यांच्या आतल्या पपडीची जाडी मोजली नव्हती. ती अल्ट्रासॉनिकने बाहेरून मोजता येते आणि तीवरून नळी प्रत्यक्षात किती तापली याचा अंदाज करता येतो. आम्ही मागितल्यावर त्यांनी ते सुरू केले.

पपडीच्या त्या मोजणीतून आणखी एक गोष्ट उघड झाली. पपडीवरून निघणारे तापमान नियंत्रण कक्षातल्या तापमानापेक्षा जास्त येत होते. तपासल्यावर वाफेचे थर्मोकपल आठ अंश कमी दाखवत असल्याचे आढळले. आठ-दहा अंशांनी काय होते, असा प्रश्न तेव्हा एका वरिष्ठांनी केला. लार्सन आणि मिलर यांनी १९५२ मध्ये दिलेले सूत्र मी त्यांना फळ्यावर करून दाखवले. केल्व्हिनमधल्या तापमानाला वीस अधिक तासांचा लॉगरिथम याने गुणले की येणारी संख्या ठरावीक ताणासाठी कायम राहते. ५४० अंश म्हणजे ८१३ केल्व्हिन आणि आयुष्य एक लाख तास धरले तर संख्या २०,३२५ येते. तापमान ५५० अंश, म्हणजे ८२३ केल्व्हिन, केले की तीच संख्या राखण्यासाठी आयुष्य सुमारे ४९,७०० तासांवर येते. दहा अंशांत निम्मे आयुष्य गेले. ग्रेड ९१ साठी वीसऐवजी तिसाच्या आसपासचा स्थिरांक अधिक जुळतो, आणि तो धरला तर आयुष्य अडतीस हजारांच्या घरात येते. त्या दिवसापासून वाफेचे तापमान ५४० च्या वर किती मिनिटे गेले याची पाळीनिहाय नोंद आमच्याकडे ठेवली जाते आणि ती मी रोज सकाळी पाहतो.

गेल्या शटडाऊनमधील निकाल पुढीलप्रमाणे आहेत. मूळ पाइपचा हार्डनेस १९८ ते २१५ च्या दरम्यान आहे, म्हणजे सुरुवातीपेक्षा थोडा उतरलेला, अपेक्षेइतकाच. हेडरच्या भोकांमधल्या पट्ट्यांत कोठेही तडा नाही. रेप्लिकांत मार्टेन्साइटच्या पट्ट्या अजून ओळखू येतात. टी-जॉइंटच्या खांद्यावरच्या एका वेल्डच्या कडेला फेज्ड ॲरे अल्ट्रासॉनिकमध्ये दोन मिलिमीटरची एक खूण आली आहे. ती वेल्डिंगच्या वेळची जुनी खोट आहे की टाइप ४ ची सुरुवात आहे, हे एका मोजणीवरून ठरत नाही, म्हणून सहा महिन्यांनी तिची लांबी पुन्हा मोजायची आहे. एक लाख तासांच्या वैधानिक तपासणीला अजून अठरा हजार तास आहेत.

ज्यांना हे पोलाद घ्यायचे आहे त्यांना मी ते घ्याच असे सांगेन, पण ऑर्डर लिहिताना केवळ ग्रेडचे नाव लिहून थांबू नका. अलीकडे टाइप २ म्हणून मिळणारा प्रकार मागावा. त्यात ॲल्युमिनियमची मर्यादा ०.०२ टक्के आहे, नायट्रोजन ॲल्युमिनियमच्या किमान चौपट असावा लागतो, आणि तांबे, कथील, आर्सेनिक यांसारख्या नको असलेल्या घटकांवरही बंधन आहे. प्रत्येक पाइपचा दोन्ही टोकांना आणि मध्ये हार्डनेस गोदामात उतरतानाच मोजावा. हीट ट्रीटमेंटचा ठेका वेल्डिंगच्या ठेक्यातून वेगळा काढावा आणि थर्मोकपल स्पॉट वेल्ड केल्याशिवाय काम सुरू होणार नाही ही अट दराच्या शेजारीच लिहावी. त्या टी-जॉइंटसाठी राखीव म्हणून आम्ही मागवलेला दीड मीटरचा पाइप मागच्या महिन्यात कळंबोलीहून आला. ट्रकवरून उतरवण्याआधी सहा ठिकाणी घासून मोजला, तेव्हा सर्वांत कमी आकडा २०९ आणि सर्वांत जास्त २१८ होता, आणि तो स्वीकारून आम्ही टोकांना टोप्या घालून कोरड्या गोदामात ठेवला आहे.